लॅपटॉपवरून गेमची लाइव्ह स्ट्रीम अडखळत असेल, तर दोष कुठे आणि कसा शोधावा

गेमची लाइव्ह स्ट्रीम अडखळू लागली की पहिला संशय इंटरनेटवर जातो. जोडणी देणाऱ्याला फोन केला जातो, वरचा प्लॅन घेतला जातो, आणि तरीही प्रेक्षक ‘चित्र अडकतंय’ असेच लिहीत राहतात. पाहणाऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी स्ट्रीममधली प्रत्येक फ्रेम तीन टप्प्यांतून जाते: ग्राफिक्स कार्ड ती रंगवते, एन्कोडर ती आक्रसून लहान करतो आणि नेटवर्क ती सर्व्हरकडे नेते. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर फ्रेम गळाली तरी पडद्यावर दिसणारा परिणाम जवळजवळ सारखाच असतो. उपाय मात्र तिन्ही ठिकाणी निराळे आहेत आणि काही वेळा ते एकमेकांच्या विरुद्धही जातात. एन्कोडरचा भार हलका करण्यासाठी जलद प्रीसेट (फ्रेम घाईने आक्रसण्याची तयार सेटिंग) निवडला, तर तेवढ्याच दर्जाच्या चित्रासाठी अधिक बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) लागतो, म्हणजे नेटवर्कवरचा भार वाढतो. म्हणून फ्रेम कुठे गळते हे कळल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नये, असा माझा आग्रह आहे.

पुढील सर्व विवेचन विंडोज लॅपटॉप आणि ओबीएस स्टुडिओ ही मोफत उपलब्ध असलेली प्रणाली गृहीत धरून केले आहे, कारण आपल्याकडे साध्या लॅपटॉपवरून स्ट्रीम करणारी बहुतेक मुले हीच जोडी वापरतात.

आधी आकडे वाचावेत

ओबीएसच्या ‘डॉक्स’ मेनूमध्ये ‘स्टॅट्स’ नावाची चौकट आहे. ती उघडली की त्यात तीन ओळी शोधाव्यात. ‘रेंडरिंग लॅग’मुळे चुकलेल्या फ्रेम्स, ‘एन्कोडिंग लॅग’मुळे वगळलेल्या फ्रेम्स आणि नेटवर्कमुळे गळालेल्या, म्हणजे ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’, अशा त्या ओळी आहेत. या तीन आकड्यांमध्येच बहुतेक निदान दडलेले असते. स्ट्रीम सुरू होताना किंवा गेममधून दुसऱ्या खिडकीत जाताना एखादा आकडा थोडा उडी मारतो, त्याकडे दुर्लक्ष करावे. जो आकडा खेळ चालू असताना सतत चढत राहतो, तोच दोषाची जागा दाखवतो.

ही चाचणी खऱ्या परिस्थितीत घ्यावी. म्हणजे जो गेम नेहमी खेळला जातो तोच गेम, ज्या वेळी स्ट्रीम केली जाते त्याच वेळी, निदान अर्धा तास चालवावा. प्रेक्षकांसमोर प्रयोग करायचे नसतील तर यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ स्वरूपाची स्ट्रीम सुरू करता येते. ती दुवा असल्याशिवाय कोणाला सापडत नाही. याला जोडून आणखी एक साधी चाचणी घ्यावी. स्ट्रीम न करता त्याच सेटिंगवर फक्त ध्वनिचित्रमुद्रण करावे आणि ते पाहावे. मुद्रणही अडखळत असेल तर नेटवर्कचा त्यात काही संबंध नाही आणि सगळा शोध लॅपटॉपच्या आतच घ्यायला हवा.

येथे एक गल्लत टाळायला हवी. गेममधला पिंग (सर्व्हरकडून उत्तर येण्यास लागणारा वेळ) वाढणे आणि स्ट्रीम अडखळणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ऑनलाइन गेम बहुधा यूडीपी या पद्धतीने लहान लहान माहितीचे तुकडे पाठवतात आणि हरवलेल्या तुकड्याची वाट पाहत थांबत नाहीत. स्ट्रीम मात्र सहसा आरटीएमपीद्वारे, म्हणजे टीसीपीवरून जाते. तिथे तुकडा हरवला की तो पुन्हा पाठवला जाईपर्यंत मागचे सगळे खोळंबून राहते आणि ही रांग फार लांबली की ओबीएस फ्रेम्स टाकून देते. त्यामुळे गेम सुरळीत चालत असतानाही स्ट्रीम तुटू शकते. व्हॅलोरंटसारख्या ज्या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यांचा नागपुरातला पिंग कितीही चांगला दिसला तरी त्यावरून स्ट्रीमच्या आरोग्याचा निष्कर्ष काढू नये.

ग्राफिक्स कार्डाला उसंत हवी

रेंडरिंगचा आकडा वाढत असेल तर गेमने ग्राफिक्स कार्ड पूर्ण व्यापले आहे, असे समजावे. सेकंदाला ६० फ्रेम्सची स्ट्रीम करायची म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात कार्डाला गेमचे चित्र तर काढायचे असतेच, शिवाय ओबीएसच्या दृश्यातले कॅमेऱ्याचे चित्र, नावाची पट्टी आणि सूचना हे सगळे एकत्र करायचे असते. गेमला मोकळे सोडले तर तो कार्ड ९९ टक्क्यांपर्यंत वापरतो आणि ओबीएसची पाळी येईपर्यंत वेळ निघून जाते.

यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय फुकट आहे, तो म्हणजे गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम्सची कमाल मर्यादा ठरवून देणे. लॅपटॉपचा पडदा १४४ हर्ट्झचा असला आणि गेम ११० फ्रेम्स देत असला, तरी स्ट्रीम करताना ती मर्यादा ६० किंवा ७५ वर आणावी. खेळाडूला हे आवडत नाही हे मी जाणतो, पण लॅपटॉप एकच असताना त्याची शक्ती खेळ आणि प्रक्षेपण यांत वाटून घ्यावीच लागते. त्यानंतर सावल्या, प्रतिबिंबे आणि धूर यांचा दर्जा एक पायरी खाली आणावा, कारण या गोष्टी कार्डाला सर्वाधिक राबवतात आणि स्ट्रीम पाहणाऱ्याला त्यांतला फरक फारसा जाणवत नाही. ओबीएस ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असे उघडले तर विंडोज त्याला ग्राफिक्स कार्डावर अग्रक्रम देते; या एका बदलाने अनेकदा हा आकडा वाढायचा थांबतो. दृश्यात ब्राउझर सोर्स (दृश्यात दाखवलेली वेबपाने) बरेच असतील तर लागणारे तेवढेच ठेवावेत.

लॅपटॉपमध्ये एक खास अडचण असते. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरच्या आतले आणि दुसरे स्वतंत्र कार्ड. गेम एकावर आणि ओबीएस दुसऱ्यावर चालत असेल तर ‘गेम कॅप्चर’मध्ये (फक्त गेमचे चित्र घेण्याच्या सोयीत) पडदा काळा दिसतो किंवा चित्र एका कार्डाकडून दुसऱ्याकडे नेण्यात वेळ जातो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’ आणि त्यात ‘ग्राफिक्स’ येथे ओबीएस जोडून त्याला ‘हाय परफॉर्मन्स’ द्यावे, म्हणजे ते गेमच्याच कार्डावर येते. ‘डिस्प्ले कॅप्चर’ (संपूर्ण पडद्याचे चित्र घेण्याची सोय) वापरायचे असेल तर याउलट ‘पॉवर सेव्हिंग’ निवडावे लागते, कारण बहुतेक लॅपटॉपचा पडदा आतल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो. गेमसाठी गेम कॅप्चरच वापरावे, असे माझे मत आहे.

एन्कोडर निवडताना

एन्कोडिंगचा आकडा वाढत असेल तर ‘आउटपुट’ सेटिंगमध्ये कोणता एन्कोडर निवडला आहे हे आधी पाहावे. ‘एक्स२६४’ असेल तर सगळे काम प्रोसेसरच्या अंगावर आहे, आणि चार-सहा कोअरच्या लॅपटॉपवर गेम आणि एक्स२६४ एकत्र नांदत नाहीत. एनव्हिडियाचे कार्ड असल्यास एनव्हेंक, एएमडीचे असल्यास एएमडीचा हार्डवेअर एन्कोडर आणि इंटेलचे आतले ग्राफिक्स असल्यास क्विक सिंक निवडावा. चिपमध्ये या कामासाठी स्वतंत्र भाग राखलेला असतो, त्यामुळे गेमच्या वेगावर फार परिणाम होत नाही. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक २०११ पासून आहे, म्हणजे बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्येही ही सोय सापडते. एनव्हिडियाच्या एमएक्स मालिकेतल्या बहुतेक कार्डांत मात्र एनव्हेंक नसतो. अशा लॅपटॉपवर तो यादीत दिसला नाही तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसण्यापेक्षा सरळ क्विक सिंक वापरावा.

हार्डवेअर एन्कोडर असूनही आकडा वाढत राहिला तर ‘लुक-अहेड’ (पुढच्या फ्रेम्स आधी पाहून घेण्याची सोय) बंद करावे, प्रीसेट एक-दोन पायऱ्या जलद करावा आणि शेवटी आउटपुटचे रेझोल्यूशन कमी करावे. १०८०पीच्या फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख बिंदू असतात आणि ७२०पीमध्ये सुमारे ९.२ लाख, म्हणजे काम निम्म्याहून कमी होते. मोबाइलवर पाहणाऱ्या प्रेक्षकाला ७२०पीचे स्थिर चित्र १०८०पीच्या धडपडणाऱ्या चित्रापेक्षा कितीतरी अधिक सुखावह वाटते, यावर माझा ठाम विश्वास आहे.

रॅम आठ जीबीची एकच पट्टी असेल तर टास्क मॅनेजरच्या ‘मेमरी’ विभागात किती स्लॉट वापरात आहेत ते पाहावे. दुसरा स्लॉट रिकामा असल्यास तशीच दुसरी पट्टी बसवल्याने मेमरीचा मार्ग दुपदरी होतो, आणि ज्यांचा लॅपटॉप आतल्याच ग्राफिक्सवर चालतो त्यांना याचा लाभ विशेष जाणवतो. पट्टी घेण्यापूर्वी लॅपटॉप नागपूरच्या सीताबर्डीतल्या एखाद्या दुकानात दाखवून ती डीडीआर४ हवी की डीडीआर५, याची खात्री करून घ्यावी. एकाच्या जागी दुसरी बसत नाही.

नागपूरचा उन्हाळा आणि लॅपटॉप

परदेशी मार्गदर्शनात या विषयाला एखादे वाक्य मिळते. आपल्याकडे त्याला स्वतंत्र प्रकरण द्यावे लागते. स्ट्रीम पहिली पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालते आणि मग हळूहळू रेंडरिंग व एन्कोडिंग दोन्ही आकडे चढू लागतात, असे होत असेल तर सेटिंगमध्ये दोष नसून उष्णता हे कारण आहे. चिप ठरावीक तापमानाला पोहोचली की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. इंटेलच्या अनेक लॅपटॉप प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली २५ अंशांवर असताना जी चिप ८५ अंशांवर स्थिर राहते, तीच खोली ४० अंशांवर गेली की जवळजवळ तेवढ्याच फरकाने वर सरकते आणि मर्यादेला जाऊन भिडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाला की गच्चीखालची खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. जानेवारीत ज्या सेटिंगवर स्ट्रीम निर्दोष होती तीच सेटिंग मे महिन्यात कोलमडते, ती यामुळेच.

खात्री करण्यासाठी टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ विभागात प्रोसेसरचा वेग पाहावा. गेम चालू असताना तो खाली लिहिलेल्या ‘बेस स्पीड’च्याही खाली येऊन रेंगाळत असेल, तर चिप बहुधा तापून मंदावली आहे किंवा तिला पुरेशी वीज मिळत नाही. तापमानाचे तपशील एचडब्ल्यूइन्फो या मोफत साधनात दिसतात आणि स्वतंत्र कार्डाचे तापमान टास्क मॅनेजरमध्येही दिसते.

उपाय क्रमाने करावेत. लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा टेबलक्लॉथवर ठेवू नये; मागची बाजू एक-दोन इंच उचलून खालच्या जाळीला हवा मिळेल असे करावे. पंख्यात आणि जाळीत साचलेली धूळ वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळा सुरू होण्याच्या आधी, जाणकाराकडून काढून घ्यावी आणि लॅपटॉप तीन-चार वर्षांचा असेल तर त्याच वेळी थर्मल पेस्टही (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्यावी. फ्रेम्सची मर्यादा येथेही उपयोगी पडते. ज्या लॅपटॉपवर पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ दिसते, तिथे १०० ऐवजी ९९ टक्के लिहावे. त्यामुळे प्रोसेसरचा टर्बो वेग बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरते. सर्वोच्च वेग जातो हे खरे, पण स्ट्रीमला अधूनमधून येणाऱ्या झेपेपेक्षा टिकणारा वेग हवा असतो.

कूलरबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. डेझर्ट कूलरमुळे खोली थंड होते आणि त्याचा लॅपटॉपला फायदाच होतो, पण लॅपटॉप थेट त्याच्या झोतात ठेवू नये, कारण त्या हवेबरोबर पाण्याचे तुषारही येतात. दुसरे असे की कूलरचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो. तो ओबीएसमधल्या ‘नॉइज सप्रेशन’ फिल्टरने बराच कमी होतो आणि त्याचा प्रोसेसरवर पडणारा भार किरकोळ असतो. म्हणून आवाजासाठी कूलर बंद करून लॅपटॉप तापवण्याची गरज नाही.

वीज हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. लॅपटॉप बॅटरीवर गेला की प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही आपली शक्ती आवरती घेतात, त्यामुळे स्ट्रीम नेहमी मूळ अ‍ॅडाप्टर लावूनच करावी. मोबाइलचा किंवा कमी वॉटचा टाइप-सी चार्जर लावल्यावर बॅटरी भरते आहे असे दिसते, पण गेमला लागणारी वीज त्यातून मिळत नाही. संध्याकाळी वादळी वारा सुटला आणि लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि राउटर बंद पडतो. राउटर आणि फायबरचा ओएनटी डबा (फायबरची तार ज्याला जोडतात तो), दोन्हींना पुरेल असा लहान १२ व्होल्टचा यूपीएस त्यासाठी मिळतो. विकत घेण्यापूर्वी दोन्ही उपकरणांवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर मात्र वाचून घ्यावेत. घरात इन्व्हर्टर असेल आणि त्याच्या मागे ‘यूपीएस’ मोडचे बटण असेल तर ते त्याच स्थितीत ठेवावे, म्हणजे बदल होताना राउटर पुन्हा सुरू होत नाही.

आता नेटवर्क

ड्रॉप्ड फ्रेम्सचा आकडा वाढत असेल तेव्हाच येथे यावे. प्लॅनवर लिहिलेला वेग बहुधा डाउनलोडचा असतो. स्ट्रीमला अपलोड लागतो. ज्या वेळी स्ट्रीम करायची त्याच वेळी वेगाची चाचणी घ्यावी, कारण रात्री आठ ते अकराच्या दरम्यान सगळी वसाहत जोडणी वापरत असते. मोजलेल्या अपलोडच्या तीन चतुर्थांशाहून अधिक बिटरेट ठेवू नये. ट्विच या स्ट्रीमिंगच्या संकेतस्थळावर ७२०पी आणि ६० फ्रेम्ससाठी ४५०० केबीपीएस (किलोबिट प्रतिसेकंद) आणि ३० फ्रेम्ससाठी ३००० केबीपीएस हे आकडे उत्तम चालतात. रेट कंट्रोल सीबीआर (म्हणजे स्थिर बिटरेट) ठेवावा आणि कीफ्रेमचे, म्हणजे पूर्ण साठवलेल्या फ्रेमचे, अंतर २ सेकंद. ४५०० केबीपीएसवर तासाला सुमारे २ जीबी डेटा जातो, हे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून स्ट्रीम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

यानंतर दोष घरात आहे की बाहेर, हे ठरवावे. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून एकीत राउटरच्या पत्त्याला, जो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि दुसरीत ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला सतत पिंग लावावे (‘ping -t’ आणि पुढे पत्ता). राउटरचे उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवे. तेच अधूनमधून शंभर-दोनशेवर उडी मारत असेल किंवा ‘टाइम्ड आउट’ होत असेल तर दोष वायफायचा आहे, आणि जोडणी देणाऱ्याला दोष देऊन काहीही साधणार नाही. राउटर व्यवस्थित उत्तर देतो आणि फक्त बाहेरचा पिंग कोसळतो, असे दिसले तर तक्रार करण्याला आधार मिळतो. तेव्हा त्या खिडकीचे छायाचित्र वेळेसह जपून ठेवावे.

घरातल्या दोषावर केबलइतका खात्रीचा उपाय नाही. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल घ्यावी. लॅपटॉपला लॅनचे छिद्र नसेल तर यूएसबी ३.० चा गिगाबिट अ‍ॅडाप्टर लावावा. भाड्याच्या खोलीत केबल ओढता येत नसेल तर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याला जोडावे आणि राउटरची जागा नीट निवडावी. अनेक घरांत फायबरची तार खिडकीतून आत येते, राउटर तिथेच टांगला जातो आणि उन्हाळ्यात त्याच खिडकीला पत्र्याचा कूलर बसतो. पत्रा आणि पाणी दोन्ही वायफायच्या लहरी अडवतात. अशा घरात होळीनंतर कूलर बसवला की स्ट्रीम बिघडते आणि इंटरनेट खराब झाल्याचा समज होतो. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा एका खोलीपलीकडे टिकत नाही. तिथे २.४ गिगाहर्ट्झ वापरावा लागला, तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर शेजाऱ्यांची गर्दी कमी असेल तो ठेवावा.

घरातल्या कोणाच्या मोबाइलवरून छायाचित्रांचा बॅकअप चालू असेल, किंवा लॅपटॉपवरच वनड्राइव्ह फाइली चढवत असेल, तर अपलोडचा मार्ग तुंबतो. हे स्ट्रीमपुरते थांबवावे. ओबीएसच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये नेटवर्कखाली बिटरेट आपोआप कमी-जास्त करण्याची सोय आहे. ती चालू ठेवल्यास मार्ग तुंबल्यावर फ्रेम्स गळण्याऐवजी चित्र तात्पुरते धूसर होते.

तिन्ही आकडे शून्यावर असूनही तक्रार येते तेव्हा

अशा वेळी तक्रार करणाऱ्या प्रेक्षकाची जोडणी किंवा पाहण्याचे साधन तपासायला हवे. यूट्यूबवर स्ट्रीमची विलंब-पातळी ‘अल्ट्रा लो’ ठेवली असेल तर प्रेक्षकाकडे साठा फार कमी राहतो आणि त्याची जोडणी किंचित डळमळली तरी चित्र थांबते. गप्पांना लगेच उत्तर देण्याची निकड नसेल तर ‘नॉर्मल’ किंवा ‘लो’ पुरेसे आहे. ट्विचवर कमी दर्जाचे पर्याय सर्वच चॅनेलना हमखास मिळत नाहीत. ते नसतील तर मोबाइलवरच्या प्रेक्षकालाही आपण पाठवलेला पूर्ण बिटरेट उतरवून घ्यावा लागतो, आणि म्हणून नव्या चॅनेलने ६००० केबीपीएसचा हट्ट धरू नये.

एवढे करूनही कारण सापडले नाही तर ओबीएसच्या ‘हेल्प’ मेनूमधून लॉग फाइल अपलोड करावी. त्याच ठिकाणी ती आपोआप तपासून दोष सांगणारी सोयही मिळते. लॉग पाठवण्यापूर्वी ओबीएस नव्याने उघडावे, दोष दिसेपर्यंत स्ट्रीम चालवावी आणि नंतर ती बंद करावी, कारण गळालेल्या फ्रेम्सची बेरीज स्ट्रीम थांबल्यावरच लॉगमध्ये लिहिली जाते. मदत मागताना हा लॉग द्यावा. स्ट्रीम की, म्हणजे आपल्या चॅनेलवर स्ट्रीम पाठवण्याची गुप्त किल्ली, मात्र कोणालाही देऊ नये.